डेव्हलपर कॉन्फरन्सला जाऊन हाती काय लागतं? (बेळगाव-खानापूर-निपाणीकरांशी बोलायचंय)

दुसरं_रेल्वे_गेट

काल सकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेळगावात उतरलो. दोन दिवस बेंगळूरला सॉफ्टवेअरवाल्यांच्या कॉन्फरन्सला होतो. प्रवेशाचं तिकीट, रेल्वे, लॉज, रिक्षा आणि खाणंपिणं धरून साडेआठ हजार गेले, दोन दिवसांचं काम बुडालं ते वेगळंच. घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईनं विचारलं, "एवढं काय मिळालं रे तिथं?" तिला पटेल असं उत्तर मला देता आलं नाही. ते शोधायला इथं लिहितोय.

माझी ही तिसरी कॉन्फरन्स. पहिलीला गेलो तेव्हा नुकता कॉलेजातून बाहेर पडलो होतो. पुढच्या रांगेत बसून दोन दिवसांत दोनशे पानी वही भरली. ती वही आजतागायत उघडलेली नाही, कारण महिन्याभरात सगळी भाषणं यूट्यूबवर आली. जेवणाच्या सुट्टीत मात्र सगळे आपापल्या कंपनीच्या घोळक्यात, फाडफाड इंग्रजी. मी ताट घेऊन खांबाजवळ उभा. दोन दिवसांत एका माणसाशीही बोललो नाही. स्टॉलवाल्यांनी बिल्ला स्कॅन केला होता, त्यांच्या जाहिरातींच्या मेल मात्र पुढे वर्षभर येत राहिल्या.

दुसऱ्या वेळी गोष्ट वेगळी झाली, आणि हा धागा काढायचं खरं कारण तेच आहे.

मी क्रेडिट सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. सभासदांची नावं मराठीत. एका सोसायटीतून तक्रार आली की 'कुऱ्हाडे' शोधलं की निम्मेच सभासद सापडतात. खोदून पाहिलं तर स्क्रीनवर तंतोतंत सारखं दिसणारं नाव आत दोन प्रकारे साठवलेलं. एका कीबोर्डवरून आलेल्या नावात नुक्तावाला ऱ, म्हणजे युनिकोडमधलं (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांच्या यादीतलं) ०९३१ क्रमांकाचं वेगळं अक्षर, मग हलन्त आणि ह. दुसऱ्या कीबोर्डवरून आलेल्या नावात साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (जोडाक्षर कसं दिसावं ते ठरवणारं चिन्ह), मग ह. डोळ्यांना एक, डेटाबेसला दोन.

इंटरनेटवर वाचून मी तो न दिसणारा जॉइनर सगळीकडून काढून टाकला. शोध लागायचा तसा नाहीच लागला, उलट पासबुकांवर 'कुर्हाडे' छापून आलं, रफार चढवून. सत्तरीचे एक खातेदार पासबुक घेऊन काउंटरवर आले आणि म्हणाले, "हे नाव माझं नव्हे. माझ्या बापाचंही नव्हे." ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

तो प्रश्न कागदावर लिहून मी दुसऱ्या कॉन्फरन्सला गेलो. भाषणं चार ऐकली असतील. पण चहाच्या रांगेत फाँटवर काम करणाऱ्या एक बाई भेटल्या. मी कागद पुढे केला, त्यांनी त्याच कागदावर दोन शब्द लिहिले: दर्या आणि दऱ्या. "एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. जॉइनर पुसलात की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. पुसू नका. आत घेतानाच र, हलन्त, जॉइनर असं आलं की त्याचं ऱ आणि हलन्त करा, आणि शोधायला टाईप केलेल्या नावावरही तेच करा." युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) र आणि सुट्या नुक्त्याचा एक ऱ करून देतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. दहा मिनिटं झाली असतील. मी त्या प्रश्नावर तीन आठवडे घालवले होते.

आता परवाची तिसरी. या वेळी प्रश्न न घेता गेलो होतो, आणि परत आलो तो पहिल्या वेळेसारखाच.

तर मंडळी, तुमचा अनुभव काय? आपल्याकडून बेंगळूर पाचशे किलोमीटर, पुणं साडेतीनशेच्या आसपास. एवढं अंतर कापून जावं का? आणि गेलात तर काय घेऊन जाता?

---

खानापूरकर

स्पष्ट सांगतो, मी जाणं बंद केलंय.

मी खानापुरात घरून काम करतो, तासावर पैसे मिळतात. दोन दिवस गेलो म्हणजे दोन दिवसांची कमाई शून्य, वर खर्च. पगारदार माणसाला कंपनी पाठवते, त्याचा हिशेब वेगळा. एकदा पैसे भरून गेलो तर चाळीस मिनिटांच्या भाषणातली पंचवीस मिनिटं भाषण देणाऱ्याच्या कंपनीचं उत्पादन कसं चांगलं यावर. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं 'डेटाबेसची गती कशी वाढवावी'. फसवल्यासारखं वाटलं आणि ते अजून गेलेलं नाही.

ब्रुसेल्सला फॉसडेम म्हणून ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्यांची कॉन्फरन्स भरते. प्रवेश फुकट, नोंदणीसुद्धा नाही, आणि रेकॉर्डिंग जगभर सगळ्यांना खुलं. मी ते इथं बसून बघतो, दीडपट वेगानं. न कळलेलं परत मागं जाऊन बघतो. सभागृहात बसलेल्या माणसाला ती सोय नाही.

तुमचा र चा किस्सा चांगला आहे, पण तो तुमचं नशीब. त्या बाई चहाच्या रांगेत तुमच्या पुढे उभ्या नसत्या तर?

---

मार्कंडेय

वय पन्नाशीकडे झुकलंय, त्यामुळे जरा मागचं सांगतो.

२००१ साली 'लिनक्स बेंगलोर' ही कॉन्फरन्स सुरू झाली (लिनक्स म्हणजे फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम), २००५ पासून तिचंच नाव फॉस डॉट इन झालं. तेव्हा घरी डायल-अप होतं. लिनक्सची एक सीडी उतरवायची म्हणजे रात्रीच्या रात्री जायच्या, आणि मधेच फोन आला की सगळं पाण्यात. अशा काळात कॉन्फरन्सला जायचं ते सॉफ्टवेअर हातात मिळावं म्हणून. सीडी कॉपी करून घ्यायची, लिहिणारा माणूस समोर दिसला तर त्याला विचारायचं. माहिती तिथंच होती, दुसरीकडे नव्हती. आता माहिती सगळीकडे आहे, आणि खानापूरकर म्हणतात ते भाषणांपुरतं अगदी खरं आहे.

पण भाषणाची लांबी आणि त्याचं वजन यांचा संबंध नसतो, हेही पाहिलंय. डॉकर (प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट एका डब्यात बांधून कुठल्याही सर्व्हरवर चालवायचं साधन) आज आपण सगळे वापरतो. ते पहिल्यांदा लोकांपुढे आलं मार्च २०१३ मध्ये, सांता क्लाराच्या पायकॉनमध्ये, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांच्या कॉन्फरन्समध्ये. सॉलोमन हाइक्सना मिळालेला वेळ होता पाच मिनिटं, लाइटनिंग टॉकचा.

आणि खानापूरकर, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. २००९ च्या जूनमध्ये सॅन होजेला व्हेलॉसिटी कॉन्फरन्स झाली. तिथं फ्लिकर या फोटोंच्या साइटच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी सांगितलं की आम्ही दिवसाला दहाहून जास्त वेळा नवं सॉफ्टवेअर चढवतो, आणि ते जमतं कारण कोड लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे एकमेकांशी भांडत बसत नाहीत. पॅट्रिक डेबॉइस नावाचा गृहस्थ त्या वेळी बेल्जियममध्ये होता, त्याला जाता आलं नव्हतं. त्यानं ते भाषण तुमच्यासारखंच घरबसल्या पाहिलं. मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यानं आपल्याच देशात, गेंट शहरात, लोक बोलावले. डेवऑप्स डेज. डेव्हलपमेंट आणि ऑपरेशन्स जोडून केलेला डेवऑप्स हा शब्द तिथून जगभर पसरला. आज बेंगळूरच्या निम्म्या नोकऱ्यांच्या जाहिरातीत तो असतो.

गेंट म्हणजे काही लंडन-पॅरिस नव्हे. जाता आलं नाही म्हणून त्या माणसानं आपल्या दारात मांडव घातला. मी इतकी वर्षं बेंगळूरला राहून गेल्या वर्षी परत आलो, आणि आल्यापासून डोक्यात हेच आहे.

---

उद्यमबाग

मी सॉफ्टवेअरच्या कॉन्फरन्सला कधी गेलो नाही, पण बोलतो. आमच्याकडं मशिन शॉप हाय, मी पीएलसी आणि सीएनसीचं, म्हंजे मशिन आपोआप चालवायचं, प्रोग्रॅमिंग बघतो. आमी जातो ते इमटेक्सला, मशिन टूल्सच्या प्रदर्शनाला, बेंगळूरच्या तुमकूर रोडवर.

आमचे मालक जाताना काय करतात म्हायताय? बॅगेत जॉब, म्हंजे मशिनवर केलेला पार्ट, टाकून नेतात. खराखुरा, रिजेक्ट झालेला. आणि ड्रॉइंग. स्टॉलवर गेलं की कॅटलॉग बाजूला ठेवायला सांगतात आणि जॉब टेबलावर ठेवतात. "ह्या बोअरला टेपर येऊलालंय, तुमच्या मशिनवर काय कराल सांगा." समोरचा सेल्सचा पोरगा गप होतो आणि आतून इंजिनिअरला बोलावतो. तो इंजिनिअर भेटला की गाडीभाडं वसूल.

तुमी त्या बाईंना कागद दाखवलात, तो तुमचा जॉब. परवा बॅगेत जॉब नव्हता, म्हणून तुमाला रिकामं रिकामं वाटूलालंय. यात नशीब कुठं आलं? रांगेत त्या बाई नसत्या तर तुमी कागद घेऊन अजून दहा जणांना विचारलं असतं की.

---

निपाणीची_लेक

उद्यमबाग, तुमचं म्हणणं मनापासून पटलं.

मी निपाणीची, सध्या पुण्यात. माझा अनुभव जरा वेगळा आहे आणि तो लिहायलाच हवा, कारण आपल्या भागातल्या मुली हा धागा वाचत असतील. पहिल्या वेळी मला जायला मिळालं नाही. प्रश्न पैशाचा नव्हता. रात्रीची बस, अनोळखी लॉज, "सोबत कोण आहे?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पुढे दोन वर्षांनी गेले ते कॉलेजची एक मैत्रीण बेंगळूरला राहायला गेली म्हणून. माझ्या वर्गातल्या मुलांना असं कुणाची वाट बघावी लागली नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी कामाच्या दोन गोष्टी. पायकॉन इंडिया २००९ पासून भरते, पहिली बेंगळूरला झाली, आणि ती स्वयंसेवक चालवतात. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना आणि ज्यांना परवडत नाही त्यांना आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. तो लवकर करा, आणि लाज वाटून घेऊ नका. दुसरं, बोलायला कुणीही प्रस्ताव पाठवू शकतं. वशिला लागतो असं मी समजत होते. माझा पहिला प्रस्ताव नाकारला गेला. दुसरा घेतला, कारण त्यात 'मी हे केलं, इथं चुकलं, मग असं सुटलं' एवढंच लिहिलं होतं. पहिल्यात नुसती मोठमोठी नावं होती.

बोलायला उभं राहिल्यावर मात्र फरक पडतो. खांबाजवळ ताट घेऊन उभं राहणं संपतं. भाषण झाल्यावर लोक आपणहून येतात, "तुमचं ते तिसरं उदाहरण परत सांगा ना." माझी आत्ताची नोकरी अशाच एका गप्पांमधून मिळाली. मराठी माध्यमात शिकलेल्या, अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला. हे मला इथं सांगायचंच होतं.

---

सहावं_सेमिस्टर

दादा, ताई, मार्कंडेय काका, सगळं दोनदा वाचलं. मी व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाच्या एका कॉलेजात सहाव्या सेमिस्टरला आहे. माझी शंका सरळ आहे. माझ्याकडे 'जॉब' कुठून आणू? मी अजून असं काही केलंच नाही की ज्यात अडकलोय. टेक फेस्टला जातो, सर्टिफिकेट मिळतं, संपलं. साडेआठ हजार तर माझ्या वर्षभराच्या बसपासपेक्षा जास्त आहेत.

---

दुसरं_रेल्वे_गेट

@सहावं_सेमिस्टर, तू आत्ता बेंगळूरला जाऊ नकोस असं माझं मत. पैसे साठव, एखादं छोटं काम कर. घरातल्या किराणा दुकानाची वही, मामाच्या डेअरीचा हिशेब, काहीही. अडकशीलच. अडकलास की जा.

@निपाणीची_लेक, ताई, मुलींबद्दल लिहिलंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी हिशेबात फक्त रुपये धरले.

@खानापूरकर, रेकॉर्डिंगबद्दल तुम्ही बरोबर आहात. भाषणांसाठी जाऊ नये, हे मी मान्य करतो.

---

उचगाव_फाटा

मार्कंडेय काकांनी मांडव म्हटल्याबरोबर राहवलं नाही.

अहो, परिषद भरवणं आपल्या भागाला नवं आहे का? कडोली, उचगाव, येळ्ळूर, दर हिवाळ्यात गावोगाव साहित्य संमेलनं होतात. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, मग मांडवात अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन, शेवटी कविसंमेलन, सगळं एका दिवसात. गावातली पोरं खुर्च्या लावतात, बायका जेवणाचं बघतात, वर्गणी घराघरातून. हे असंच वर्षानुवर्षं चालतं. मी शाळेत असल्यापासून त्या मांडवात पाणी वाटलंय. लेखक जवळून पाहिले ते तिथंच.

तिथं काय चुकतं तेही मला माहीत आहे. एका वर्षी पाहुणे दीड तास उशिरा आले आणि आल्यावर पाऊण तास नुसते सत्कार. शाल, श्रीफळ, परत शाल. कविसंमेलनाला अंधार पडला, गावातल्या नवकवींना दोन-दोन मिनिटं मिळाली. माझी बहीण त्या यादीत शेवटची होती. ती वाचायला उभी राहिली तेव्हा मांडवात माईकवाला आणि आम्ही घरचे चौघे. तेव्हा आपण सॉफ्टवेअरचं काही करणार असू तर माझी एकच अट: सत्कार नको, आणि नव्यांना सकाळी बोलू द्या.

१९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात झालं, गांधीजी अध्यक्ष. ते अध्यक्ष झाले असं ते एकच अधिवेशन. आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत विहीर खोदली, ती काँग्रेस विहीर अजून आहे. तिथल्या भाषणांतलं आज आपल्यापैकी कितीजणांना आठवतं माहीत नाही, विहीर मात्र रोज जाता-येता दिसते. धागाकर्ते तर तिथंच राहतात.

---

घटप्रभा

नमस्कार. मी गोकाकची. घरी कन्नड, आईचं माहेर निपाणीजवळ म्हणून मराठी. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरं_रेल्वे_गेट, तुमचा र वाचून मी खुर्चीतून उठले. तोच प्रश्न आमच्याकडे आहे! कन्नडमध्ये र जोडला की तो सहसा अर्कावत्तू होतो, म्हणजे पुढच्या अक्षरानंतर बाजूला लिहिला जातो. पण 'रँक' आमच्यात र ला य जोडून लिहितात, तिथं र पूर्ण हवा आणि य खाली हवा, त्यासाठी र च्या मागोमाग तोच झीरो विड्थ जॉइनर घालावा लागतो, हलन्ताच्या आधी. मराठीत तो हलन्तानंतर येतो, आमच्यात आधी. मी एका शाळेच्या निकालपत्रकाचं सॉफ्टवेअर करते. कुणीतरी 'स्वच्छता' म्हणून सगळे जॉइनर पुसले आणि निकालपत्रकावरचा 'रँक' वेडावाकडा छापून आला. आपण दोघं पन्नास-साठ किलोमीटरवर बसून एकाच दगडाला अडखळलो, आणि तुम्हाला उत्तर मिळालं पाचशे किलोमीटरवर.

म्हणून विनंती. इथं काही भरवलंत तर ते एका भाषेचं करू नका. आपल्याकडे भाषेवरून काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. ज्याला ज्या भाषेत सांगता येईल त्यानं त्या भाषेत सांगावं, कोड तर सगळ्यांना दिसेलच.

---

खानापूरकर

घटप्रभा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं, हे कबूल करतो. ही गोष्ट कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये मला सापडली नसती, कारण ती शोधायची असते हेच माहीत नव्हतं. माझ्याकडे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या याद्या आहेत, दोन्ही लिप्यांमध्ये. आज रात्री तपासतो. छातीत धस्स झालंय.

बेळगावला यायचं तर मला बसभाडं आणि अर्धा दिवस लागतो. तेवढं परवडतं.

---

मार्कंडेय

मग लांबण नको. नाव नको, लोगो नको, प्रायोजक नको. जे भरवायला वर्ष लागेल ते भरणार नाही.

२०१४ मध्ये बर्लिनला युरोपायथन कॉन्फरन्सच्या वेळी जँगो गर्ल्सची, म्हणजे मुलींना वेबसाइट करायला शिकवणाऱ्या उपक्रमाची, पहिली कार्यशाळा झाली. एक दिवस, नव्यानं शिकणाऱ्या मुली आणि थोड्या-थोड्या जणींमागे एक शिकवणारं माणूस. त्यांचं शिकवायचं साहित्य सगळं खुलं आहे. पुढे कधीतरी निपाणीची_लेक मनावर घेतील तर ते इथं करता येईल. पहिल्यांदा मात्र फक्त अडलेली कामं.

---

निपाणीची_लेक

मनावर घेतलंच आहे, काका. आता पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावात थांबते, रात्रभर प्रवास न करता येता येतं. फक्त वेळ सकाळची ठेवा, म्हणजे खानापूर, गोकाक, चिक्कोडीकडच्या मुली अंधार पडायच्या आत घरी पोचतील.

---

दुसरं_रेल्वे_गेट

ठरवू या. येत्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा ते दीड. आरपीडी कॉर्नरजवळ माझ्या मित्राचं ऑफिस आहे, वीस जण बसतील. प्रत्येकानं एक अडलेलं काम आणायचं, लॅपटॉपवर किंवा कागदावर. पहिला विषय र: मी मराठीचा दाखवतो, घटप्रभा ताई कन्नडचा, खानापूरकर त्यांच्या याद्या आणतील. दोन्ही लिप्यांसाठी नाव शोधायचं एकच छोटं फंक्शन लिहून उठायचं आणि ते सगळ्यांना खुलं ठेवायचं.

आई विचारत होती, इतक्या उशिरापर्यंत कुणाशी बोलतोयस? तिला घटप्रभा ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, वीस जणांचे पोहे मी करते.

---

सहावं_सेमिस्टर

दादा, मी येऊ का? आमच्या गल्लीतल्या भिशीची वही मोबाईलवर आणायला कालपासून सुरुवात केलीय. ज्यांचा हप्ता चुकला त्यांचा दंड कसा मोजायचा तिथं अडकलोय. कागदावर लिहून आणतो.

---

उद्यमबाग

ये की. आणि सकाळी पहिला तूच बोल. प्रोजेक्टर आमच्या शॉपमधला आणतो, एचडीएमआयची लांब केबल कुणाकडं हाय तेवढं सांगा.